काळजातली गाठ कुत्र्यापुढे टाकू नका: नव्या शेळीपालकासाठी जंतांपासून ताटापर्यंत

कंदुरीच्या दिवशी शेतातल्या चिंचेखाली बोकड सोलला जातो. एकीकडे चुलीवरच्या पातेल्यातून येसराचा वास सुटलेला असतो, दुसरीकडे सोलणारा काळीज, म्हणजे यकृत, हातात घेऊन उलटंसुलटं करून बघतो. त्यावर लिंबाएवढी पांढुरकी, पाण्याने टरारलेली गाठ दिसली की तेवढा तुकडा सुरीने वेगळा काढतो आणि चार पावलांवर ताटकळत बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. जेवणावळीत त्या दिवशी कुणालाच काही होत नाही. पण साधारण दीड महिन्यात त्या कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी पडू लागतात. ती ज्या पोराच्या तोंडात जातील, त्याच्या यकृतात अगदी तशीच गाठ धरते आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहते.

शेळ्यांच्या जंतांबाबत नवा माणूस नको तिथे घाबरतो आणि घाबरायला हवं तिथे निर्धास्त राहतो. मराठवाड्यात दहा-वीस शेळ्या घेऊन नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, आणि घरच्या कार्याला स्वतःचा बोकड कापणाऱ्यांसाठी, पुढचा क्रम लिहिला आहे.

१. कोणता जंत कुणाचा, हे आधी समजून घ्या

जंताने पोखरलेल्या शेळीचं मटण खाल्लं की माणसाला तेच जंत होतात, ही समजूत गावोगाव ऐकू येते. ती बहुतांशी चुकीची आहे. पावसाळ्यात शेरडं सगळ्यात जास्त मारणारा जंत म्हणजे हिमॉन्कस. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. शिजलेल्या मटणातून तो माणसाच्या पोटात येत नाही. करडांच्या लेंड्यांत तांदळासारखे पांढरे तुकडे दिसतात ते मोनिझिया या फितीसारख्या जंताचे, म्हणजे पट्टकृमीचे. त्याचाही मटण खाणाऱ्याला धोका नाही. काळजात सापडणारा पानासारखा चपटा जंत, म्हणजे यकृतकृमी, काळीज खाऊन होत नाही. तो माणसाला झालाच तर तळ्याकाठच्या कच्च्या पानभाजीतून किंवा तिथल्या न उकळलेल्या पाण्यातून होतो.

माणसापर्यंत खरोखर पोचणाऱ्या वाटा तीन आहेत. पहिली कुत्र्याच्या विष्ठेतून: हायडॅटिडची गाठ, म्हणजे सुरुवातीला काळजावर दिसलेली ती पाण्याची गाठ. दुसरी अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मटणातून: माणसाच्या आतड्यातला लांब पट्टकृमी, आणि त्या माणसाच्या शौचातून दुसऱ्याच्या मेंदूत होणाऱ्या गाठी. तिसरी टॉक्सोप्लाझ्मा या डोळ्याला न दिसणाऱ्या परजीवीची: तो मांजराच्या विष्ठेतून, तसाच कच्च्या राहिलेल्या मटणातूनही येतो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला इजा करतो. पुढे जे काही करायचं आहे ते या तीन वाटा बंद करण्यासाठी, आणि शेळी धडधाकट ठेवण्यासाठी.

२. सामान आणि कागद आधी जमवा

सामान फार लागत नाही, पण वेळेवर शोधत बसलात तर काम राहूनच जातं.

- ५० किलोचा लटकता वजनकाटा, नाहीतर शिंप्याकडची मोजपट्टी
- २० मिलीची बिनसुईची सिरिंज, शक्यतो औषध पाजण्याची वाकड्या नळीची
- रबरी हातमोजे, छोट्या झिप पिशव्या, न पुसणारा पेन
- शेळीच्या पाठीवर खूण करायला रंगाचा खडू
- चुना, फावडं, झाकणाची एक बादली
- एक वही

वहीत पाच रकाने पाडा: कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, तारीख, वजन, औषधाचं नाव व दिलेले मिली, आणि मटणासाठी कापता येईल ती तारीख. शेवटचा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत. त्याचं काम पाचव्या पायरीत दिसेल.

कागदांत औषधाचं बिल बॅच क्रमांकासह ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, आणि बाजारातून जनावर आणताना पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला मागा. बिल्ला मारलेला नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तो मारून घ्या. जनावर आजारी पडलं आणि दवाखाना लांब असेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

३. बाजारातली शेळी थेट कळपात सोडू नका

हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून आणा, माळेगावच्या यात्रेतून आणा, नाहीतर पाहुण्याच्या घरून. नव्या शेळीबरोबर तिच्या पोटातले जंत येतात, आणि त्यात आधीच्या मालकाच्या औषधांना न जुमानणारेही असू शकतात. एकदा ते तुमच्या गायरानावर पडले की परत काढता येत नाहीत.

तीन आठवडे वेगळं बांधा. चारा-पाणी जागेवर द्या. पहिल्याच दिवशी वजन करून जंताचं औषध पाजा. त्यानंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्या तपासून घ्या. अंडी दिसली नाहीत तर कळपात सोडा. या तीन आठवड्यांतल्या लेंड्या उकिरड्यावर पसरू नका, वेगळ्या खड्ड्यात रचून कुजू द्या. नीट रचलेलं खत आतून चांगलं तापतं आणि त्या उष्णतेत अंडी मरतात. पसरलेल्या खतात तसं होत नाही.

४. पापणी बघा, मगच बाटली उघडा

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त शेळ्या इथेच जातात, म्हणून हे सावकाश वाचा.

हिमॉन्कसचा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. आकडा किरकोळ वाटतो. पण पोटात हजार जंत असले की रोजचं ५० मिली रक्त जातं, आणि ३० किलोच्या शेळीला ते काही आठवडेही झेपत नाही. मादी दिवसाला पाच हजारांहून जास्त अंडी घालते. पावसाळ्यात ऊब आणि ओल असली की त्या अंड्यांतल्या अळ्या आठवडाभरात गवतावर चढायला तयार होतात. मराठवाड्याचं एप्रिल-मेचं ऊन अळ्यांना भाजून काढतं, जुलै ते ऑक्टोबर मात्र त्यांचेच दिवस.

या जंतात हगवण लागेलच असं नाही. लेंड्या नीट पडत असतात आणि शेळी आतून पांढरी पडत जाते. म्हणून बघायचं ते डोळ्यात. शेळीला सावलीतून उजेडात आणा. वरच्या पापणीवर अंगठा ठेवून डोळा हलकेच आत दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा. खालच्या पापणीचा आतला पापुद्रा बाहेर उमलतो. त्याचा रंग एका नजरेत टिपा, कारण डोळा ताणून धरला की रंग बदलतो. लालभडक, लालसर गुलाबी, गुलाबी, फिकट, आणि कागदासारखा पांढरा अशा पाच पायऱ्या आहेत. पशुवैद्यकांकडे या रंगांचं छापील कार्ड असतं, त्याला फामाचा म्हणतात. रंग आठवणीवर जोखू नका, कार्ड शेजारी धरून जुळवा.

पहिल्या दोन रंगांच्या शेळीला औषध नको. चौथ्या-पाचव्या रंगाला त्याच दिवशी द्या. तिसऱ्या रंगाची शेळी गाभण असेल, पाजती असेल किंवा करडू असेल तर द्या, नाहीतर दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. पावसाळ्यात ही तपासणी दर पंधरवड्याला, झडीच्या दिवसांत आठवड्याला.

सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजण्याची सवय सोडा. कळपातल्या थोड्याच शेळ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात. सगळ्यांना पाजलं की औषधाला दबणारे जंत संपतात, न दबणारे तेवढे उरतात आणि त्यांचीच पिढी गवतावर पसरते. तब्येतीने चांगल्या शेळ्या बिनऔषधाच्या ठेवल्या की गवतावर साधे जंतही टिकून राहतात आणि तुमचं औषध जास्त वर्षं चालतं. कंजूषपणाचा याच्याशी काही संबंध नाही.

दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली जबड्याखालच्या सुजेत. जंताने रक्त कमी झालं की जबड्याखाली पाणी उतरतं. ती सूज थंड आणि मऊ असते, बोट दाबलं तर खळगा राहतो, संध्याकाळी चरून आल्यावर जास्त दिसते. घटसर्पाची सूज गरम आणि दुखरी असते, ताप असतो, श्वासाला घरघर लागते, आणि शेळी एक-दोन दिवसांत दगावते. तिथे जंताचं औषध पाजण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा.

दुसरी गफलत करडांच्या रक्ती हगवणीत. तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतच्या करडाला रक्त पडून हगवण लागली तर बहुधा ती कॉक्सिडियाची असते. तो जंत नाही, डोळ्याला न दिसणारा परजीवी आहे. जंताच्या औषधाने त्याचं काही बिघडत नाही. त्याला वेगळं औषध आणि कोरडा गोठा लागतो.

लेंड्या तपासायला न्यायच्या तर जमिनीवरच्या उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून दहा-पंधरा लेंड्या काढा, पिशवीतली हवा दाबून घालवा, वर बिल्ल्याचा क्रमांक लिहा आणि त्याच दिवशी पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि परभणी व उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तळ्याकाठी चरणाऱ्या शेळ्या असतील तर चपट्या जंतांसाठीही तपासा असं आवर्जून सांगा. त्यांची अंडी जड असतात. मिठाच्या पाण्यात तरंगवून केलेल्या नेहमीच्या तपासणीत ती वर येत नाहीत, तळ बसवून बघावी लागतात.

५. औषधाचा हिशोब: आधी किलो, मग मिली

“एका शेळीला एक झाकण” हा हिशोब औषध वाया घालवतो. कमी मात्रेत जंत मरत नाहीत, त्या औषधाला सरावतात.

काटा नसेल तर पट्टीने वजन काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर २८ × २८ × २६ = २०,३८४. भागिले ६६० म्हणजे सुमारे ३१ किलो. डोळ्याच्या अंदाजाने याच शेळीला पुष्कळ जण २२-२५ किलोची म्हणतात, आणि तिथेच मात्रा कमी पडते.

आता बाटली वाचा. २.५ टक्के अल्बेंडाझोल म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी किलोला १० मिलिग्रॅम सांगितलं असेल तर ३१ किलोला ३१० मिलिग्रॅम, म्हणजे साडेबारा मिली. तेच औषध १० टक्क्यांचं असेल तर सव्वातीन मिलीच्या आत काम होतं. बाटली सारखी दिसते म्हणून नेहमीइतकं भरलं की चौपट मात्रा जाते. भरण्याआधी बाटली खळखळून हलवा. औषध तळाशी बसतं, वरचं पाणीच पाजलं जातं.

शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून पशुवैद्यक अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल शेळीला मेंढीपेक्षा वाढवून देतात. ही वाढ सगळ्या औषधांना लागू करू नका. लेव्हामिसोल थोडं जास्त झालं तरी लाळ गळते, थरथर सुटते. क्लोसँटेल जास्त झालं तर शेळी कायमची आंधळी होऊ शकते. गाभण राहिल्यापासून पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल नको, पोटातल्या करडात व्यंग येतं.

पाजताना शेळीचं तोंड जमिनीला समांतर ठेवा. आभाळाकडे उचललं की औषध श्वासनळीत उतरतं आणि तीन-चार दिवसांनी न्यूमोनियाने शेळी जाते. दोष मात्र औषधावर येतो. सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर न्या, हळूहळू सोडा, घोट गिळू द्या.

औषध लागू पडलं का ते १० ते १४ दिवसांनी लेंड्यांतून कळतं. आधी एका ग्रॅममध्ये ८०० अंडी असतील तर नंतर ४० किंवा त्याहून कमी हवीत. २०० उरली तर ते औषध तुमच्या कळपात थकलं आहे. बाजारातलं नाव बदलून उपयोग नाही, आतला घटक बदलायला हवा. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घरातली आहेत. एक थकलं की दुसरंही बहुधा थकलेलं असतं.

आता तो शेवटचा रकाना. औषध दिल्यावर काही दिवस त्याचा अंश मांसात, विशेषतः काळजात राहतो. बाटलीवर किंवा आतल्या कागदावर मटणासाठी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. शेळीसाठी वेगळा आकडा नसेल, किंवा मात्रा वाढवून दिली असेल, तर निदान २८ दिवस धरा आणि डॉक्टरांना विचारा. बकरी ईद किंवा आखाड समोर ठेवून बोकड तयार करणाऱ्यांनी ही उलटी मोजणी आधी करावी. विक्रीच्या आठवड्यात बोकड चकचकीत दिसावा म्हणून औषध टोचून बाजारात नेणं ही गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे.

६. चराईची जागा

हिमॉन्कसच्या बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या दोन इंचांत असतात. गवत चार बोटांपर्यंत उतरलं की शेळ्या तिथून हलवा. सकाळी दव उडाल्यावर सोडा. बोर, बाभूळ, शेवरी, सुबाभूळ असा झाडपाला वरून मिळाला की शेळी खालच्या गवताला तोंड लावत नाही. उस्मानाबादी शेळीला तसंही झाडावर पाय देऊन ओरबाडायला आवडतं, तिला ते करू द्या.

धरणांच्या पोटातली, पाणी ओसरलेली जमीन मात्र वेगळी आहे. जायकवाडी असो की माजलगाव, हिवाळा संपला की पाणी मागे सरतं, गाळपेर उघडा पडतो आणि भर उन्हाळ्यात तिथेच तेवढं हिरवं दिसतं. चपट्या जंताचा अर्धा जन्म त्या काठच्या गोगलगायींत जातो आणि तयार अळ्या पाण्यालगतच्या गवताला चिकटून बसतात. गाळपेरावर जनावरं न्यावीच लागत असतील तर पाण्याच्या कडेपासून लांब चारा, पाणी घरून किंवा उंच हौदातून पाजा. तिथे चरलेल्या शेळ्यांना चपट्या जंताचं औषध कधी द्यायचं ते डॉक्टरांबरोबर ठरवा. नेहमीचं फेनबेंडाझोल या जंतावर भरवशाचं नाही.

७. कुत्रा: साखळीचा मधला दुवा

हायडॅटिडचा पूर्ण वाढलेला जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर, आणि एका कुत्र्यात ते हजारोंनी असू शकतात. कुत्रं धडधाकट दिसतं, खातं-पितं, पोरांबरोबर लोळतं. अंडी विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात, गव्हाणीत आणि पाण्यात जातात. शेळीने गिळली तर तिच्या काळजात-फुफ्फुसात गाठ, माणसाने गिळली तर माणसाच्या. ती गाठ कच्ची कुत्र्याने खाल्ली की साखळी पुरी.

राखणीचं कुत्रं असेल तर त्याला प्राझिक्वांटेल द्या, किलोला ५ मिलिग्रॅम. १० किलोच्या कुत्र्याला ५० मिलिग्रॅम. जंत कुत्र्यात शिरल्यापासून अंडी घालायला साधारण सहा-सात आठवडे लागतात, म्हणून कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी, इतरांना वर्षातून निदान चार वेळा. औषध जंत मारतं, अंडी मारत नाही. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि विष्ठा हातमोजे घालून खोल पुरा किंवा जाळा. हा भाग वगळला तर औषधानेच अंगणभर अंडी पसरतात.

मांजराबद्दल एकच सांगायचं. पेंड आणि भुसा झाकून ठेवा, त्यात मांजर बसू देऊ नका. कळपात एकामागून एक शेळ्या गाभडत असतील तर टॉक्सोप्लाझ्माही मनात धरा, ब्रुसेला हा गाभडवणारा जिवाणूही धरा, आणि वार किंवा मेलेलं करडू उघड्या हाताने उचलू नका.

८. कापण्याच्या दिवशी काय बघायचं

शहरातल्या कत्तलखान्यात पशुवैद्यक जनावर जिवंतपणी आणि कापल्यावर तपासतो. गावात, शेतात, दर्ग्यापाशी तो नसतो. तिथे तुम्हालाच बघावं लागतं. पोट उघडण्याआधी कुत्री बांधा, नाहीतर एक माणूस काठी घेऊन त्याच कामावर ठेवा. झाकणाची बादली शेजारी असू द्या.

काळीज आणि फुफ्फुस दोन्ही उजेडात धरा, वरून-खालून बघा, मग बोटांनी दाबत जा. फुफ्फुसातली गाठ पुष्कळदा दिसण्याआधी हाताला लागते.

हायडॅटिडची गाठ अवयवात रुतलेली असते. तिची भिंत जाड आणि पांढुरकी असते, हाताला टणक फुग्यासारखी लागते. वाटाण्यापासून मोसंबीपर्यंत कितीही मोठी असू शकते. आत नितळ पाणी, आणि तळाशी बारीक रेतीसारखे कण. ती फोडून बघायची नाही. अख्खा अवयव बादलीत.

चरबीच्या जाळीला किंवा काळजाच्या कडेला लोंबणारी पातळ, पारदर्शक पाण्याची पिशवी वेगळी. तिच्यात एकच पांढरा ठिपका दिसतो. शेळ्यांत ती खूप आढळते. तिचा माणसाला धोका नाही, पण तीही कुत्र्याच्याच एका पट्टकृमीची आहे. म्हणून ती काढून बादलीत टाकायची, मटण खायला हरकत नाही. नवा माणूस या दोन पिशव्यांत गोंधळतो. रुतलेली की लोंबती, हे बघितलं की गोंधळ मिटतो. तरीही शंका असेल तर दोन्ही टाकून द्या.

काळजातल्या नळ्या जाड, दोरीसारख्या झाल्या असतील आणि दाबल्यावर तपकिरी पानासारखे जंत बाहेर येत असतील तर तो यकृतकृमी. असं काळीज खाऊ नका. ते खाऊन जंत होत नाही, पण अवयव सडका असतो. मटण चालतं. वजडी साफ करताना आतड्याच्या भिंतीत मिरीएवढ्या कडक पुटकुळ्या लागल्या तर त्या एका गोलकृमीच्या खुणा आहेत. माणसाला धोका नाही, तेवढा भाग काढून टाका. अन्ननळीच्या मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे, घट्ट दाणे दिसले तर तो सार्कोसिस्टिस नावाचा परजीवी. असे दाणे भरपूर असतील तर तो भाग टाका, कुत्र्याला अजिबात नको.

पू भरलेल्या गाठी, दुर्गंधी, पिवळं पडलेलं सगळं अंग, पाणचट मांस यांपैकी काही दिसलं तर तो जंतांच्या पलीकडचा आजार असू शकतो. डॉक्टरांनी बघेपर्यंत मटण कुणालाही वाटू नका. बोलावलेले पाहुणे दारात असताना हे सांगणं अवघड जातं. तरीही सांगा.

९. बादलीतलं पुरायचं कसं

खड्डा आदल्या दिवशीच खणा. कापून झाल्यावर खणू म्हटलं की कुणी खणत नाही, आणि बादली ओढ्यात रिकामी होते. खोली चार फूट, वर निदान दोन फूट माती बसेल इतकी. विहीर, बोअर, ओढा यांपासून शंभर फुटांवर. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात पाणी तुंबतं, म्हणून मुरमाड, उंचवट्याची जागा निवडा. अवयव टाका, चुना पसरा, माती दाबा, वर दगड आणि बाभळीच्या काटेरी फांद्या ठेवा. काटे नसले तर कुत्री रात्रीतून उकरतात.

खड्डा जमणारच नसेल तर अवयव अख्खा, गाठ न फोडता, पाऊण तास खळखळ उकळा. उकळलेलं कुत्र्याला दिलं तर चालतं. वरवर शेकून दिलेलं चालत नाही.

१०. विकत घेताना आणि शिजवताना

खाटकाकडे काळीज अख्खं बघून घ्या, चिरलेल्या ढिगातलं नको. शिक्का मारलेलं जनावर मिळत असेल तर तेच घ्या.

आपल्याकडे मटण कुकरमध्ये किंवा पातेल्यात तासभर शिजतं, त्यात कोणताही परजीवी टिकत नाही. धोका भाजलेल्या गोष्टींत आहे: निखाऱ्यावर शेकलेली कलेजी, बाहेरून काळी आणि आतून लाल, घाईत तळलेले खिम्याचे कबाब. खिम्याचा मधला भाग ७१ अंश सेल्सियसला पोचायला हवा. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मधून चिरा. आत लाल-गुलाबी रंग किंवा लालसर पाणी दिसलं तर परत निखाऱ्यावर. हळद, मीठ, लिंबू, दही यांनी चव येते, परजीवी मरत नाही. फ्रिजच्या साध्या कप्प्यातही मरत नाही.

कच्चं मटण चिरलेल्या विळीवर तशीच काकडी-कांदा चिरू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिने मिठाचा अंदाज बघायला कच्चा खिमा जिभेवर ठेवू नये, आणि मटण धुण्याचं काम दुसऱ्याने करावं.

११. डुकराचं मटण

इथे परजीवी थेट मांसात असतो. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, ५ ते १० मिलिमीटरचे, आत पांढरा ठिपका असलेले पाणीदार दाणे जिभेखाली, काळजात नव्हे तर हृदयात, खांद्यात आणि मांडीत बघा. दिसले तर अख्खं जनावर नाकारा, दाणे वेचून खाऊ नका. न दिसलेल्या दाण्यांसाठी मटण पूर्ण शिजवणं हाच भरवसा. उणे १० अंश किंवा त्याहून थंड कप्प्यात १० दिवस गोठवलं तरी ते मरतात.

असे दाणे कच्चे पोटात गेले की आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी पडतात. ती डुकराने खाल्ली तर डुकरात दाणे, माणसाने गिळली तर माणसाच्या मेंदूत. म्हणून ज्या घरात डुकराचं मटण कधी शिजलं नाही, त्या घरातही हा आजार होतो: वाढणाऱ्याच्या न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावरच्या कोथिंबिरीतून. संडास वापरणं, डुकरं बंदिस्त ठेवणं आणि पालेभाजी वाहत्या पाण्यात पान पान सोडवून धुणं, हे तिन्ही लागतं. डुकरं पाळणाऱ्यांनी ऑक्सफेंडाझोलबद्दल पशुवैद्यकांना विचारावं. किलोला ३० मिलिग्रॅमच्या एका मात्रेत डुकराच्या मांसातले दाणे मरतात, पण मेलेल्या दाण्यांच्या खुणा विरायला वेळ लागतो आणि कापण्याआधी थांबावंही लागतं.

१२. माणसाला त्रास झाला तर

उजव्या बरगडीखाली जडपणा, न जाणारा खोकला, किंवा दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ निघाली, तर डॉक्टरांना घरात कुत्रं आणि शेळ्या आहेत हे आपणहून सांगा. ती गाठ कुणाकडूनही साध्या सुईने रिकामी करून घेऊ नका. आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येते आणि नव्या गाठी धरतात. उपचार आहेत. गाठ कशी आहे त्यावरून अल्बेंडाझोलच्या गोळ्या, तयारीने केलेलं सुईचं काम किंवा ऑपरेशन ठरतं.

मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली तर अंगात आलं म्हणून बसू नका, मेंदूचं सीटी किंवा एमआरआय करून घ्या. आणि फिट येणाऱ्या माणसाला शेळीच्या बाटलीतलं किंवा मेडिकलमधलं जंताचं औषध स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. मेंदूतल्या गाठी एकदम मरायला लागल्या की भोवती सूज येते आणि फिट वाढतात. सूज दाबणारं औषध आधी सुरू करून, डॉक्टरांच्या नजरेखालीच तो उपचार होतो. शौचातून पांढरे चपटे तुकडे पडत असतील तर ते डबीत घालून सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि त्या माणसाचे उपचार पुरे होईपर्यंत घरातला स्वयंपाक दुसऱ्याने करावा.